जेवतानाचं मौन

आषाढ शु. १०, शके १८५६

वसंता अजून मुरारलाच, मामाकडे. कॉलेजला तिथूनच जातो म्हणे. आज सौ.नं माझ्या पानाशी पुन्हा तेच फुलपात्र ठेवलं, पोचा पडलेलं. वसंताच्या भुवईला लागून जमिनीवर आपटलं, तेव्हाचा पोचा. मुद्दाम ठेवते की सवयीनं, विचारायची हिंमत नाही. आमटी अळणी होती, एवढंच कारण. मी तिला बोलत होतो, बोलतच होतो, आणि पोरगा म्हणाला, "अण्णा, मीठ घ्या ना वरून. आईला किती बोलाल?" पुढचं लिहवत नाही.

शास्त्रीबुवांना सगळं सांगितलं. म्हणाले, "राग पानावर येतो ना तुम्हाला? मग चातुर्मासभर जेवताना मौन धरा. कार्तिकात घंटा दान करून सोडा." धरतो. वसंता घरी यावा, दुसरं काही मागणं नाही.

आषाढ शु. १२

काल एकादशी, म्हणून आजपासून. चित्राहुती घातल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द नाही. जमलं. धाकटी कुसुम सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

आषाढ व. ५

भाजी जाळ तिखट. बोललो नाही, पण पाटावर बोटं आपटली. कुसुम धावत जाऊन मीठ घेऊन आली, मग लिंबू, मग तूप, मग रडायलाच लागली. मला नुसतं पाणी हवं होतं. तोंड बंद ठेवून काय उपयोग?

श्रावण शु. ३

कचेरीत साहेबांनी सगळ्यांदेखत माझा कागद भिरकावला. "जोशी, ये क्या लिख लाए हो?" वाकून उचलला. "हुज़ूर, ग़लती हुई," म्हणालो. चूक माझी नव्हतीच. पण राग म्हणाल तर नावालाही नाही. म्हणजे आवरता येतो मला. साहेबांपुढे व्रत लागत नाही, बायकोमुलांपुढे लागतं. दिवसभर हेच डोक्यात. स्वतःची शिसारी आली.

श्रावण व. २

टांग्यानं मुरारला. वसंता अंगणात वाचत बसला होता. उठून नमस्कार केला. भुवईत तेवढ्या जागी केस आलेले नाहीत.

"बरा आहेस?"

"हो."

"गणपतीला ये."

"बघतो."

परक्याशी बोलावं तसं, अगदी नीट बोलला. मेहुणे दारापर्यंत आले. "भाऊजी, जबरदस्ती नका करू. मुलगा बडा झाला आहे आता." परतताना टांगेवाल्यावर उगीचच ओरडलो. घोडा बरा चालत होता.

भाद्रपद शु. ९

पानावर बसलो असताना कुसुम बोलून गेली, "दादा ने कल इतने सारे मोदक..." आणि तोंडावर हात. सौ. खाली बघत राहिली. म्हणजे काल मी बाहेर होतो तेव्हा तो येऊन जेवून गेला. माझ्याच घरात, मला चोरून. डोक्यात सणक गेली. उठून ओरडलोच असतो, पण व्रत. जेवण संपेपर्यंत बसून राहणं भाग होतं. हात धुतले तेव्हा राग कुठे गेला कळलं नाही, नुसतं रडू येत होतं. मागच्या पडवीत जाऊन...

असो. चोरून का होईना, आला होता.

आश्विन शु. ६

सौ. हल्ली जेवताना बोलते. मी मधे तोडत नाही म्हणून असेल. लहानपणी वडिलांबरोबर किल्ल्यावर गेली होती, एका मोरामागे जाता जाता हरवली, एका शिपायानं खांद्यावर बसवून खाली आणली. हसून हसून सांगत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. मीच कधी तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नसणार.

हात धुऊन बाहेर आलो तर शेजारचे गुप्ताजी ओट्यावर. "पंडितजी, आजकल आपके यहाँ से आवाज़ नहीं आती. सब ख़ैरियत तो है?" चांगल्या मनानं विचारलं त्यांनी. म्हणजे आजवर सगळी गल्ली ऐकत होती.

आश्विन व. ११

कचेरीतून लवकर सुटलो. आत दोघी मायलेकी करंज्या करत खिदळत होत्या. जोडे काढल्याचा आवाज झाला आणि हसणं थांबलं. माझं मौन जेवणापुरतं. यांचं मी घरात असेपर्यंत.

कार्तिक शु. ९

बाड्याच्या चौकाजवळच्या कासाराकडून घंटा आणली. नाद छान आहे. कुसुमनं वाजवून वाजवून घर डोक्यावर घेतलं. काही बोललो नाही. मेहुण्यांचा निरोप आला, उद्यापनाला वसंता येईल.

कार्तिक शु. १२

आला. शास्त्रीबुवा, वसंता आणि मी, एका पंगतीला. माझं शेवटचं मुकं जेवण. ते फुलपात्र सौ.नं आज लपवलं होतं. भांडी कमी पडली म्हणून कुसुमनं नेमकं तेच शोधून आणलं आणि आम्हा दोघांच्या मधे ठेवलं. वसंतानं पोच्यावरून अंगठा फिरवला, पाणी प्यायला, आणि फुलपात्र उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं. माझा हात जाणार नाही असं. मुद्दाम केलं नसेल, त्याचं लक्षही नव्हतं. तेच जास्त लागलं.

हात धुऊन आलो तर कुसुम विचारते, "अण्णा, अब रोज़ बोलोगे क्या जेवताना?" सौ. उष्टी काढत होती, तिचा हात थांबला. शास्त्रीबुवा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. घंटा त्यांच्या हाती द्यायची वेळ आली, माझ्याच्यानं देववेना. "उद्या आणून देतो," म्हणालो. शेवटचं मुकं जेवण आटोपल्यावर तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य हे.

जोडे घालता घालता वसंता आईला म्हणाला, "उद्या येतो जेवायला."

ती हळूच म्हणाली, "उद्यापासून ते बोलणार आहेत रे."

"म्हणूनच येतो."

मी आतून ऐकलं. घंटा देवापाशी तशीच आहे. मगाशी सौ.नं विचारलं, उद्या आमटी करू की कढी. म्हटलं, काहीही कर. बोलून गेल्यावर वाटलं, आवाज चढला होता का? तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.