नॉर्वेच्या गोलला मी नाचलो, दादा

ऑस्लोपासून दोन तासांवरच्या ‘ऑस्लो’ विमानतळावरून,
सोमवार दुपार

तीर्थस्वरूप गेनेकदादास,

धाकट्या झेनोनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? रक्तदाबाच्या गोळ्या घेतोस, की अजून खिडकीतल्या कुंडीलाच घालतोस? मी खुशाल आहे. दोन दिवस उकडलेल्या अंड्यांवर काढलेत, तेव्हा पत्र जरा जड वाटलं तर समजून घे.

विमानाचं तिकीट इतकं स्वस्त मिळालं की मला कंपनीची कीव आली. उतरल्यावर कळलं की हे ऑस्लो ऑस्लोत नाही. तिथून शहरात जायला बस दोन तास घेते आणि विमानाच्या तिप्पट पैसे घेते. (तू असतास तर नकाशा आधी बघितला असतास, आणि मग जन्मभर मला ऐकवलं असतंस. दोन्हींची फार आठवण आली.) ग्दान्स्कहून निघताना बारा अंडी, हातभर सॉसेज आणि राय धान्याचा काळा पाव बांधून घेतला होता, म्हणून निभावलं. बिअरचा भाव तेवढा विचारला. विचारला, आभार मानले आणि नळाचं पाणी प्यायलो. ते फुकट आहे, चवीलाही बरं आहे.

नॉर्वे-पोलंड सामन्याची आपल्या बाजूची तिकिटं तासाभरात संपली होती. उरली होती ती नॉर्वेवाल्यांच्या कुटुंबकबिल्याच्या कोपऱ्यातली, अर्ध्या किमतीत. अट एकच, पाहुण्यांचे रंग अंगावर नकोत. मी आपला लाल-पांढरा मफलर स्वेटरच्या आत पोटाला गुंडाळला. दारावरच्या बाईने पोटाकडे बघून तब्येतीला जपायला सांगितलं. उजव्या हाताला बोर्गहिल्ड नावाच्या सत्तरीच्या बाई आणि डाव्या हाताला त्यांचे यजमान. मला दोघांच्या मधेच जागा मिळाली होती. दोघांच्याही बुडाखाली उशी, हातात थर्मास, मांडीवर कागदात गुंडाळलेला चीज-पाव. एवढा गडगंज देश, आणि डबा आपल्यासारखाच! मी अंडी दिली, त्यांनी पाव दिला. इथल्याच स्टावांगरच्या गोदीत दोन वर्षं वेल्डिंग करताना शिकलेली मोडकीतोडकी भाषा कामी आली (शिव्या वगळून), आणि सोयरीक जमायचीच काय ती बाकी राहिली.

ऐंशीव्या मिनिटाला आपल्या पोरांनी गोल केला. दादा, साठीच्या माणसाने ओरडणं गिळलं की ते कुठे कुठे दुखतं म्हणून सांगू! तोंडात स्वेटरची बाही कोंबली. पण डाव्या हाताचं काय करू? बाबांनी आपल्याला पहिल्यांदा सामन्याला नेलं तेव्हापासून गोल झाला की हा हात तुझ्या गळ्यात पडतो. तो पडलाच, त्या यजमानांच्या गळ्यात. ते बिचारे नुसते वळून बघत राहिले. आणि बाजूला तू नाहीस हे मला तेव्हा खरं कळलं. रडू कोसळलं. चांगले हुंदके देऊन रडलो.

बाईंना वाटलं, मी नॉर्वेसाठी रडतोय. त्यांनी कॉफी ओतली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “असं मनाला लावून घेऊ नका. अजून दहा मिनिटं आहेत.” अख्खी रांग माझी समजूत काढायला लागली. सात मिनिटांनी नॉर्वेने बरोबरी केली, तेव्हा साहजिकच सगळे माझ्यावर तुटून पडले. उभं केलं, मिठ्या मारल्या, नाचवलं. नाचलो बाबा. इतक्या मायेच्या माणसांना नाही कसं म्हणायचं?

सामना संपल्यावर मात्र राहवेना. स्वेटर वर करून मफलर दाखवला. दोघं पोट धरून हसली. मग बाईंनी विचारलं, “एवढ्या लांब एकटेच कसे आलात?” मी सांगितलं, थोरला भाऊ आहे, पण त्याचा गुडघा दुखतो. त्या म्हणाल्या, “त्यांना खेळायचं थोडंच होतं? बसायचंच तर होतं.”

यावर काय उत्तर द्यायचं ते तूच बघ. तुला सुचलं तर कळव. हालिनावहिनींच्या कबरीवर माझ्यातर्फे दोन फुलं ठेव.

तुझा,
झेनोन

ता. क. : तुझ्या शेजारच्या वांदाबाईंनी तुला मागच्या आठवड्यात बटाट्याचं पोतं घेऊन चार मजले चढताना पाहिलंय. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, दादा. तू सामने आवाज बंद करून बघतोस, तेही मला ठाऊक आहे. ऑक्टोबरात हेलसिंकीला सामना आहे. आपल्याच बाजूची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत.

ता. क. २ : हे वाचून फाडून टाक. मला ऑफसाइड अजून कळत नाही; कुठला गोल धरतात आणि कुठला नाही, देव जाणे. पन्नास वर्षांत एकदाही कळलेलं नाही. चेंडू जाळ्यात गेला की मी तुझ्याकडे बघायचो, तू ओरडलास की ओरडायचो. फुटबॉल बघायला मी कधी आलोच नव्हतो रे.