वर्क्स मॅनेजर आऊट की नॉट आऊट

२ जानेवारी १९९४, रविवार
कंपनीच्या क्रिकेट स्पर्धेत मला अंपायर नेमलंय. वाळूजच्या कारखान्यात कामगारांची हजेरी घेणारा टाइमकीपर म्हणून अकरा वर्षं काढली, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. शहागंजातून पांढरा कोट आणला. आरशासमोर बोट वर करून पाहिलं. थरथरतं. थंडी.

७ जानेवारी
परवा साखळीतली पहिली मॅच, प्रेस शॉपचे कामगार विरुद्ध स्टाफ. स्टाफचे कॅप्टन आमचे वर्क्स मॅनेजर तात्यासाहेब. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर. योगायोग. नियम सगळ्यांना सारखा.

९ जानेवारी
तात्यासाहेब दोन रनांवर. प्रेस शॉपच्या अप्पारावचा बॉल बॅटला लागून कीपरच्या हातात. अकराच्या अकरा ओरडले. तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. नॉट आऊट दिलं. संशयाचा फायदा बॅट्समनला, पुस्तकात आहे. पुढं त्यांनी एकाहत्तर मारल्या, त्याला मी काय करू?
अप्पाराव नळावर भेटला. म्हणाला, "त्रिंबकराव, आवाज पार रस्त्यावर गेला. तुम्हाला नाय आला?" म्हणालो, वारं लई होतं.

१४ जानेवारी
विद्यापीठाचं नामांतर झालं. अप्पारावनं जेवणाच्या सुट्टीत पेढे वाटले. बापानं ह्याच्यासाठी सोळा वर्षं वाट बघितली, सांगताना त्याचे डोळे भरले. मलाही पेढा दिला. तेवढ्यात केबिनच्या काचेतून तात्यासाहेब बघताना दिसले. मी म्हणालो, गोड चालत नाही मला. अंपायरनं तटस्थ राहावं. अप्पारावनं पेढा गुपचूप परत ठेवला.
नंतर कळलं, तात्यासाहेबांनी दोन खाल्ले.

२२ जानेवारी
उद्या फायनल. पुन्हा तेच दोन संघ. बोट वर जाणार म्हणजे जाणार! दुपारी तात्यासाहेब जिन्यात म्हणाले, उद्या नीट करा. तेव्हापासून घाम. ह्याचा अर्थ काय? बायको म्हणते, नीट म्हणजे नीट. म्हाळसाला ऑफिस कळत नाही.

२३ जानेवारी, संध्याकाळी ६
अप्पारावचा पहिलाच बॉल. तात्यासाहेबांची मधली दांडी उडाली. मी मात्र बॉल सुटायच्या आधीच "नो बॉल" ओरडून बसलो होतो. खबरदारी.
मग प्रेस शॉपवाले माझ्याकडं चालत आले. मागं सरकताना मी स्टंपांवर पडलो. तात्यासाहेबांनी मला हात देऊन उठवलं. अप्पारावला म्हणाले, "बोल्ड आहे मी." मला हळूच म्हणाले, "त्या दिवशी कॅच होता. तुमच्या जिवावर मीपण उभा राहिलो. पंधरा दिवस शॉपमध्ये मान वर करून फिरलो नाही." अन् बॅट काखेत मारून गेले.
प्रेस शॉप जिंकलं. कोट फाटला.

२५ जानेवारी
अप्पारावची माफी मागायचं ठरवलं. सकाळी सकाळी प्रेस शॉपच्या दारात गेलो. तो मशीनवर एकटाच होता. "या त्रिंबकराव," म्हणाला. स्टूल पुढं केलं. मी म्हणालो, हजेरी कार्ड तपासायला आलोय.
त्यानं हात पुसून कार्ड काढून दिलं.
तपासलं. बरोबर होतं.