आईच्या कानी पडलेलं नाम

गोंडपिपरी,
फेब्रुवारी १९८५

प्रिय बिरजू,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण सख्ख्या भावाला दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही. तुझे भाऊजी बरे आहेत. धान यंदा बरं झालं. आईच्या खोलीत आता मी निजते.

तू बल्लारपूरच्या खाणीतली नोकरी सोडून महाराजांच्या आश्रमात गेलास, तेव्हा तुझ्या बाजूनं बोलणारी मी एकटी होते. आईची समजूत मीच घातली. तुझ्या आग्रहानं एकदा आश्रमातही येऊन बसले. नाम घेता घेता श्वास लांबतो, मन त्याच्यामागे जातं, हाच आपला योग, असं तू सांगितलं होतंस. ते खोटं नव्हतं. टाळ-मृदंगाच्या नादात माझे खांदे सैल पडले, डोकं कधी नव्हे ते शांत झालं. म्हणून नामावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे.

गेल्या वर्षी आईचं अर्धं अंग लुळं पडलं. नजर आधीच गेली होती. ती दुसरं काही मागत नव्हती, फक्त तुझं गाणं मागत होती. तुझे भाऊजी तुला न्यायला बसनं आश्रमात आले. तुझ्या गळ्यात वीणा होती. तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि गातच राहिलास. मग एका शिष्याकडून निरोप दिलास: "अखंड नाम सुरू आहे, वीणा खाली ठेवता येत नाई. आईले सांगा, मी तिच्यासाठीच गाऊन राह्यलो." अरे, वीणा खाली ठेवायची नसते हे मलाही कळतं. पण ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पाळी येण्याची वाट बघत बसलेली माणसं भाऊजींनी डोळ्यांनी पाहिली. हे त्यांनी मला सांगितलं. मी आईला नाही सांगितलं.

चैत्रात सगळा गाव मोहफुलं वेचायला रानात गेला होता. दुपारी घरात आम्ही दोघीच. आई सारखी विचारत होती, "बिरजू काऊन गात नाई?" मला ते ऐकवेना. मी दार लोटलं, तिच्या उशाशी बसले आणि तू म्हणायचास त्याच चालीत हरीचं नाम सुरू केलं. माझा आवाज कसा जाडाभरडा, तुला माहीत आहे. आईनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आला का रे बाबू?"

मी गाणं थांबवलं नाही. मी गुणा आहे, असंही म्हणाले नाही. तिचा हात सैल पडला तरी गात होते. त्यानंतर ती काही बोललीच नाही.

तू आलास तो सगळं आटोपल्यावर, आपल्या मंडळासह. डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचंच लोकांना कौतुक. बैठकीत तू म्हणालास, माझ्या नामानं तिकडून आईला सोडवलं. बायांनी तुझ्या पायांवर डोकी ठेवली. मी चहा वाटत होते. हातातला ट्रे तुझ्या अंगावर फेकावा असं वाटलं होतं.

काल सरपंच सांगून गेले, वर्षश्राद्धाला तू इथल्या देवळात नामसप्ताह करणार, मांडव घालणार, आईचा फोटो ठेवणार आणि तेच वाक्य भोंग्यावरून पुन्हा सांगणार. म्हणून हे पत्र. तिच्या तोंडचं शेवटचं बोलणं तुझ्यासाठी होतं, हे मी वर्षभर मुद्दाम लपवलं. तुला ते मिळू नये असंच वाटत होतं. आता सांगते आहे, तेही माया दाटून आली म्हणून नाही. ती ज्याला बोलली तो तिथं नव्हता, हे तुला कळलं पाहिजे. सप्ताह केलास तर भर मांडवात उभी राहून मी हे सगळं सांगेन. आलास तर एकटा ये, तिच्या खोलीत बस, आणि गाऊ नकोस.

अजून तरी तुझीच बहीण,
गुणा