घंटा सोबत नेते आहे

चि. ओमकार,

तुझे पणजोबा हिम्मतराव शेतातून, आजोबा रंगराव अफझलगंजच्या दुकानातून आणि वडील कचेरीतून थकून येत, जेवत आणि झोपत. तू संगणकापुढून उठतोस आणि गाणे नाहीतर कॅमेरा घेऊन बसतोस. मला ते कधी पटले नाही.

काल मात्र तू सूनबाईला, रेणूला म्हणालास, "आता नोकरीशिवाय काही झेपत नाही. कॅमेरा, माइक विकून टाकतो." आज सकाळी गिऱ्हाईक आले होते. त्यास चहा देऊन मी परत पाठवले. या घरातून काय जावे, हे अजून मी ठरवते.

मीही थकले आहे. काही दिवस अंबरपेठेस मंगलामावशीकडे राहीन. देवघरातली घंटा सोबत नेते आहे. पहाटे तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती वाजते, हे मला ठाऊक आहे.

अंबाडीची भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून खावी.

दहावीच्या वर्षी तुझी बाजाची पेटी कुलपात ठेवताना मी म्हणाले होते, "नोकरी लागली की परत देईन." नवा भाता बसवून ती तुझ्या टेबलावर ठेवली आहे. माझे देणे फिटले.

— आई