कानशीशिवाय

डेट्रॉइट, ८ मार्च १९०८

प्रिय ओटिस यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. मागितले नाहीस, तरी घे. तुझ्या बायकोची, कोराची, तब्येत विचारल्याचं तिला सांग.

एक घोर अन्याय तुझ्या कानावर घालतो. माझ्या अंगठ्याचं नख तुटलंय, ते मोज्यात अडकतं, आणि कारखान्यात ते घासायची सोय नाही. डंकन फोरमन फाटकावर सगळ्यांचे खिसे तपासतो. कानस दिसली की जप्त; भाग घासून जुळवायचे नाहीत, लेथवरूनच अचूक उतरायला हवेत. माझी नखं घासायची इवलीशी पट्टीसुद्धा त्याने ठेवून घेतली. म्हटलं, "अरे, हिने मी मोटार बनवणार आहे का?"

"हायरम, तुम्हा जुन्या लोकांचा भरवसा नाही. दातांनी घासाल."

याच कानसबंदीवरून तू ॲप्रन फेकून फ्लिंटच्या बग्ग्यांच्या कारखान्यात गेलास. "घासल्याशिवाय भाग जुळले तर मिशी उतरवीन," म्हणाला होतास.

तर ऐक. गुरुवारी तीन गाड्या पार बोल्टापर्यंत सुट्या केल्या, अंगणात सगळ्याचा एकच ढीग घातला आणि शिकागोच्या व्यापाऱ्याला तो काठीने ढवळायला लावला.

"मोटार विकताय की भंगार?" तो हसला.

मग नुसत्या पान्यांनी आम्ही तीन गाड्या उभ्या करायला घेतल्या. एक मडगार्ड लाल, दुसरं निळं. अगदी सर्कशीतल्या विदूषकाचं ध्यान. सिलिंडरमध्ये दट्ट्या बसवताना सवयीने माझा हात खिशात गेला. खिसा रिकामा. दट्ट्या तळहाताने ढकलला, तर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

पुन्हा बाहेर काढून पाहिला. आत माशाची खूण होती. तुझी. जाण्याआधी महिनाभर शिव्या देत तू लेथवर जे दट्ट्ये केलेस, त्यांतला.

डंकनला दाखवला. तो म्हणाला, "तुझ्या भावाची कानस केव्हाच सुटली होती. त्यालाच पत्ता नव्हता."

तिन्ही गाड्या हँडलच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झाल्या. व्यापाऱ्याने टोपी काढली. दट्ट्या कोणाचा, हे मी त्याला सांगितलं. मग पहारेकऱ्याला. मग ट्रॅममधल्या एका अनोळखी बाईला.

तू परत ये, असं मी म्हणत नाही. तुझ्या लेथवर डंकनने अजून कोणाला बसवलेलं नाही, एवढंच कळवतो.

सोबत तुझी अर्धगोल कानस पाठवतोय. तुझ्या लग्नाआधी "दुपारपर्यंत दे" म्हणून मी नेली होती, ती माझ्या घरीच राहिली. मूठ नवी बसवली आहे. नख शेवटी हिच्यावरच घासलं.

मिशी राहू दे. बाबांसारखी दिसते.

तुझा,
हायरम