तिसऱ्या खणाचा काठ

मी थर्झा मॉड पॅस्को, विल्फ्रेड पॅस्कोची विधवा, वय एक्कावन्न, राहणार तिंतारी, मॅलीचा मुलूख, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पूर्ण शुद्धीवर आहे. नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने उद्या सकाळी गाडी सुटायच्या आत येऊन तोंडावर सांगावं. उद्या मी अ‍ॅडलेडला जाते. शुक्रवारी पोट फाडणार आहेत. डॉक्टर म्हणाला, "काळजीचं कारण नाही मिसेस पॅस्को, पण कागदपत्रं उरकून घ्या." म्हणून उरकते. शाळेत मी दोन हिवाळे गेले. अक्षर असंच राहणार. हे माझं पहिलंच मृत्युपत्र, आधीचं काही रद्द करायचं नाही.

सहाव्या कलमात विल्फच्या नावाची गोष्ट आहे. बाकीची कलमं नीट पाळली नाहीत तरी चालेल, ते मात्र मोठ्याने वाचावं.

कलम १. मला विल्फशेजारी पुरावं. पेटी कसलीही चालेल. कड्या पत्र्याच्या असतील तर उचलणाऱ्यांनी आधी काठ बघावेत.

कलम २. घर दोन खोल्यांचं. ते, कोंबड्या आणि चहाच्या डब्यात जे काही असेल ते माझी भाची लोर्ना श्मिट हिला द्यावं. ती एप्रिलात लग्न करते आहे. मुलगा कमी बोलतो. चांगलं आहे.

कलम ३. विल्फचा भाऊ अर्न याने पत्रा कापायची मोठी कात्री एकोणतीस साली दोन दिवसांसाठी नेली. ती आता त्याला दिली असं समजावं, म्हणजे निदान चोरी तरी मिटेल. लहान कात्री, हातोडी आणि डाख द्यायची सळई लोर्नाला.

कलम ४. पाद्रीसाहेबांच्या पत्नी मिसेस ऑटवे आमच्या घरी आल्या तेव्हा उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "घासलेटच्या डब्यांवर नाही हो बसवत मला. खरं फर्निचर कधी घेणार तुम्ही?" मी म्हणाले, "घासलेट संपल्यावर." ती डब्यांची खुर्ची त्यांना द्यावी. काठ मी स्वतः तीन पदरी दुमडला आहे. बसावं.

कलम ५. माझा एक रेशमी मोजा. जोडीतला हा एकच उरला. हाही लोर्नाला. का ते पुढे येतं.

कलम ६. स्वयंपाकघरातलं आठ खणांचं कपाट लोर्नाला.

हे विल्फने वीस साली केलं. सांगाडा खोक्यांच्या फळ्यांचा, आणि घासलेटचा डबा आडवा करून त्याची एक बाजू कापली की झाला खण. डबा कापला की काठ वस्तऱ्यासारखा होतो. विल्फ कापायचा, काठ मी झाकायची. कधी दुमडून, कधी घोड्याच्या जुन्या पट्ट्याचं चामडं शिवून. या कपाटाला मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवल्या. माझा हात फिरल्याशिवाय आमच्याकडची वस्तू घरात यायची नाही की दुसऱ्याकडे जायची नाही. तेव्हा लोक विल्फकडे कपाटं करून मागायचे.

एकवीस साली गावच्या शेतकी प्रदर्शनाचा नाच होता. माझ्या लग्नात माझी बहीण हिल्डा हिने रेशमी मोजे दिले होते. ते मला घालायचे होते, आणि ते घसरत होते. मी तिसऱ्या खणाची ट्यूब काढली आणि तिचे दोन बंद करून गुडघ्याखाली बांधले. सोमवारी परत लावीन म्हटलं.

रविवारी सकाळी हिल्डा लेकीला, लोर्नाला, घेऊन आली. लोर्ना तीन वर्षांची. बिस्किटं तिसऱ्या खणात असतात हे तिला ठाऊक होतं. पुढचं लिहीत नाही. तिची दोन बोटं अजून वाकत नाहीत.

चर्चसाठी तेच मोजे, तेच बंद माझ्या पायांत होते. विल्फने खणाकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. हिल्डा ओरडली, "कोणी ठेवला हा असा उघडा?" विल्फ म्हणाला, "काठ लावायचा राहून गेला. माझं चुकलं." हिल्डा म्हणाली, "तू सुतार नाहीस विल्फ, खाटीक आहेस." मी पाणी तापवत होते. मी पाणीच तापवत राहिले.

तिने हे गावभर सांगितलं. तीन गिऱ्हाइकांनी सांगितलेली कामं परत घेतली. विल्फने पुन्हा डबा कापला नाही. तो रेल्वेत लोहमार्गावर लागला आणि सोळा वर्षं रुळांखालचे स्लीपर उचलून गेल्या ऑगस्टात मेला. हिल्डा दफनाला आली ती कुंपणाबाहेर गाडीतच बसून राहिली. मी एकदा त्याला म्हणाले होते, "सांगून टाकू का तिला?" तो म्हणाला, "तुझी एकच बहीण आहे." मी लगेच ऐकलं. एरवी मी त्याचं काही ऐकत नसे.

तर लिहून ठेवते की तो काठ विल्फने उघडा ठेवला नाही. मी ठेवला. विल्फच्या हातची एकही वस्तू कोणाला लागली नाही.

लोर्ना, कपाट तुला नको असेल तर चुलीत घालू नकोस, पत्रा जळत नाही. हवं असेल तर वर्षातून एकदा तो मोजा हातावर चढवून सगळ्या काठांवरून फिरव. लोकरीला जे कळत नाही ते रेशमाला कळतं. धागा अडकला की पट्टी बदल. सतरा वर्षं मी हेच करते आहे.

कलम ७. बहीण हिल्डा श्मिट हिला काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं स्टेशनमास्तर डन्स्टन म्हणतात, आणि मला हिची सही हवी आहे. मेल्यावर वाचून दाखवलं तर तेव्हाही मी पाणीच तापवत बसल्यासारखं होईल. तशी चिठ्ठी पाववाल्याबरोबर पाठवली आहे. डन्स्टन यांनी हे सगळं अमलात आणावं.

पुरवणी, दुपारी. हिल्डा आली. सतरा वर्षांनी दारातून आत आली. म्हणाली, "काही देणार नाहीस म्हणून आले. देणार असतीस तर आले नसते." साक्षीदाराने वाचायची गरज नसते असं डन्स्टन म्हणाले. मी म्हणाले, ही वाचणार. तिने उभ्यानेच वाचलं, सहावं कलम दोनदा. डन्स्टन यांनी मालगाडीचं निमित्त काढलं. मी त्यांना बसवलं.

हिल्डा म्हणाली, "माझ्या मोज्यांसाठी?"

"हो."

"राहिले का वर, थर्झे?"

"एक घसरला. नंतर फाटला."

तिने तिसरा खण ओढला. मी मोजा पुढे केला, तो घेतला नाही. उघडा तळहात काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि उलटून बघितला. मग म्हणाली, "तुझ्याशी भांडायचंय मला. पण ते तू अ‍ॅडलेडहून आल्यावर. तेवढ्यासाठी परत ये." आणि लेखणी मागितली.

सही झाली की ती कबरस्तानात जाणार आहे. मी बरोबर येऊ नये असं सांगितलंय. तिचं काम विल्फशी आहे.

वरील सगळं माझ्याच हाताने लिहिलं. दोघांच्या देखत मी सही केली, माझ्या देखत त्या दोघांनी.

थर्झा मॉड पॅस्को

साक्षीदार:
१. अल्बर्ट डन्स्टन, स्टेशनमास्तर
२. हिल्डा श्मिट, बहीण. सगळं वाचलं.

तिंतारी, बुधवार, ९ मार्च १९३८