बत्तिसावी वही

मी, सौ. मनस्विनी सलिल नागवेकर, माहेरची भाटकर, वय वर्षे ४७, व्यवसाय विवाह व कुटुंब समुपदेशन आणि त्याचे प्रशिक्षण, राहणार नाचणे रोड, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टर म्हणाले, "वीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं ऐकूनही ठिकाणावर आहे, असं लिहू का?" मी म्हटले, नुसते ठिकाणावर लिहा.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे सगळे सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाहीत. म्हणून हे लेखन.

१. नाचणे रोडवरील राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात माझे पती सलिल यांनी हयातभर वापरावे, व त्यांच्यानंतर ते आमची मुलगी उर्वी हिचे व्हावे. सलिल लांज्याच्या काजू कारखान्यात हिशेबनीस आहेत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते मला म्हणाले होते, "तू मला 'तुला असं वाटतंय का' म्हणून विचारू नकोस. तिकडे वर्गात विचार. माझ्याशी सरळ भांड." मी सरळ भांडायला लागले आणि आमचा संसार मार्गी लागला. याबद्दल मी त्यांची आभारी आहे, हे तोंडी सांगायचे राहिले असल्यास येथे नोंदवते.

२. घराच्या मागच्या दोन खोल्यांत 'सोबत' हा प्रशिक्षण वर्ग चालतो. सलिल व उर्वी यांची संमती घेऊन मी लिहिते की, निदान दहा वर्षे तो तेथेच चालू द्यावा व त्याची जबाबदारी माझी विद्यार्थिनी समीक्षा हिने घ्यावी. माझी पुस्तकेही तिचीच.

अट एकच. विद्यार्थ्यांनी जोडप्याच्या समोर, त्याच खोलीत, चटईवर बसावे. सुरुवातीला आमच्याकडे दोन खोल्यांच्या मध्ये एक काच होती. आतल्या जोडप्याला ती आरशासारखी दिसे आणि पलीकडच्या अंधारात बसलेल्या विद्यार्थ्यांना आतले सगळे दिसे. मुंबईला मी तसेच शिकले होते. जोडप्याला आधी सांगायचे, सही घ्यायची, पण सांगितलेले माणूस विसरते. एके दुपारी जयगडच्या गंगुबाई आणि त्यांचे यजमान दादू आत ऐन भांडणात असताना वीज गेली. आतली खोली काळोखी झाली. पलीकडे कुणीतरी उजेडासाठी खिडकी उघडली, आणि काच उलटली. गंगुबाईंना आरशात आठ माणसे दिसली.

"अगो बाय! हतं तर आक्खी वाडी बसलीय!" त्या ओरडल्या. "आनि चिवडा खातायत! आमचा संसार मोडतोय नि ह्यांचा चिवडा!"

दादू पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "मग आम्हालापण द्या की."

त्या दिवशी सगळे एकाच खोलीत चिवडा खात बसले, आणि विद्यार्थ्यांना काय वाटले ते गंगुबाईंनी एकेकाला उभे करून विचारले. तेव्हापासून आमची पद्धत ठरली. काच अजून माळ्यावर आहे. सुनेच्या पार्लरसाठी गंगुबाईंनी ती मागितली आहे, त्यांना द्यावी. (हा प्रसंग त्यांच्या परवानगीने लिहिला आहे. तसाही तो त्यांनी जयगडच्या बाजारात सर्वांना सांगितला आहे.)

३. माझ्या प्रबंधाच्या बांधीव प्रतींपैकी एक प्रत माझ्या मार्गदर्शकांना पोस्टाने पाठवावी. विषय मांडला तेव्हा ते म्हणाले होते, "खलाशांच्या बायका हा संशोधनाचा विषय नाही, ती तक्रार आहे." प्रतीसोबत चिठ्ठी नको. पोचपावती मात्र घ्यावी.

४. त्या प्रबंधासाठी पंधरा वर्षांपूर्वी मी नाटे ते जयगड या पट्ट्यातल्या एकतीस बायकांना कोऱ्या वह्या दिल्या होत्या. नवरा बोटीवरून घरी आला की पुढचे चाळीस दिवस रोज चार ओळी लिहायच्या. पहिल्या आठवड्यात लाड असत. आठव्या-नवव्या दिवशी भांडण येई, आणि ते बहुतेक वेळा डबा कुठे ठेवायचा, दाराला कडी कोणी लावायची, असल्या गोष्टीवरून असे. आठ महिने एकटीने चालवलेल्या घरात एक पाहुणा मालक म्हणून येतो, असे एकीने लिहिले होते. माझ्या चारशे पानांत त्याहून नेमके वाक्य नाही.

प्रत्येकीकडून मी संमतीपत्र घेतले होते. काम झाल्यावर वही तिच्या हातात परत जाईल. ती नसेल तर तिने नाव दिलेल्या माणसाला. तेही सापडले नाही तर न वाचता जाळली जाईल. एकोणतीस वह्या मी स्वतः परत केल्या. उरलेल्या दोघींचा आणि त्यांनी नाव दिलेल्या माणसांचाही पत्ता लागत नाही. त्यांच्या वह्या लोखंडी कपाटात आहेत. त्या जाळाव्यात.

५. माझे दागिने उर्वीचे. तिने समुपदेशक झालेच पाहिजे असे नाही. झाली तर आमच्या घरावर प्रयोग करू नये.

६. याच कपाटात बत्तिसावी वही आहे. या कलमाचा पहिला मसुदा मी फाडला, त्याची हकिगत लिहिणे भाग आहे.

माझे वडील श्याम भाटकर तीस वर्षे मालवाहू बोटीवर होते. माझा विषय मी निवडला असे मी मुलाखतींत सांगते. खरे तर तो आमच्या नाटे गावच्या घराच्या पडवीत माझ्यासमोर वाढला. माझी आई मथुरा हिने माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. बाबा तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते. "मी मागचं लिहिते," ती म्हणाली. "जेवढं आठवेल तेवढं. पण हे तुझ्या अभ्यासासाठी हां. घरात वाचून दाखवायचं नाही." महिनाभराने तिने वही भरून दिली.

आई जाऊन सहा वर्षे झाली. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची एकच तक्रार आहे, आणि ती ते दर भेटीत सांगतात. बोटीवर जायला निघाले की सगळी वाडी त्यांना पोचवायला येई, पण आई बेड्यापर्यंतही, म्हणजे आमच्या कुंपणाच्या दारापर्यंतही, कधी आली नाही. "तिला माझी सवयच नव्हती," असे ते म्हणतात. आणि त्या वहीत, सतराव्या पानावर, त्याचे उत्तर आहे. मी पंधरा वर्षे ते जाणते आणि सहा वर्षे त्यांच्यासमोर बसून मान हलवते.

मसुद्यात मी लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर ही वही माझ्या वडिलांना द्यावी. समीक्षा टंकलेखन तपासत होती. तिने विचारले, "मॅडम, यांचं संमतीपत्र कुठाय?"

ते नव्हते. एकतीस बायकांकडून घेतले. दर वर्षी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवते. आईकडून घेतले नाही. ती आई होती.

"म्हणजे त्या नसताना वही कुणाची, ते त्यांनी सांगितलंच नाही," समीक्षा म्हणाली. "आणि मग बाबांना कळायला तुम्ही मरायचं? ते वाचतील तेव्हा तुम्हाला समोर बसायचं नाहीये, असंच ना?"

मी चिडले. मग तिला घरी जायला सांगितले. मग रविवारी सकाळच्या गाडीने वही घेऊन नाट्याला गेले.

बाबा पडवीत सुपारी सोलत बसले होते. मी सगळे सांगितले. वही आहे, कधीपासून आहे, आई काय म्हणाली होती, मी का लपवली. मी त्यांचा निर्णय त्यांच्याऐवजी घेत होते, हेही सांगितले. त्यांनी वहीकडे पाहिले, हात लावला नाही.

"घरात वाचायची नाय सांगितलान ना तिनं? मग मी नाय वाचायचा."

"बाबा, मी वाईट केलं का?"

"ता आता ऱ्हाव दे." त्यांनी पुढची सुपारी हातात घेतली. "एकच सांग, बाय. बेड्यापर्यंत का नाय यायची ती?"

आईचा शब्द मोडू की नको, हे मला त्या क्षणीही ठरवता येत नव्हते. पण विचारणारा माणूस समोर होता. मी वही न उघडता आईचे वाक्य म्हणून दाखवले. "ते निघाले की मी चुलीपाशी जाऊन बसते. बेड्याशी गेले तर मला रडू फुटेल, आणि ते बघून गेले तर बोटीवर जेवायचे नाहीत."

बाबांनी सुपारी खाली ठेवली.

"पयले आठ दिस मी तसापण जेवत नसायचो," ते म्हणाले. आणि एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून, आवाज चढवून, "आनि ही समजत होती मी जेवतोय!"

सहा वर्षांत ते पहिल्यांदा तिच्याशी भांडले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "वही तुझ्या अभ्यासाची. तुझ्याकडंच ऱ्हाव दे. माझं काम झालं."

सबब, बत्तिसावी वही माझ्या हयातीत माझ्याकडे राहील. माझ्या पश्चात ती न उघडता कलम ४ मधील दोन वह्यांबरोबर जाळावी.

७. व्यवस्थापक म्हणून मी सलिल यांना नेमते. वरील मजकूर मी वाचला, समजून घेतला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

साक्षीदारांविषयी : वकील श्रद्धाताई यांचा सल्ला असा की, साक्षीदार मृत्युपत्राने काही मिळणारा नसावा, आणि लिहून देणाऱ्यापेक्षा तरुण असावा. माझ्या वडिलांबाबत पहिली गोष्ट आता पुरी होते. दुसरी होत नाही. तसे श्रद्धाताईंनी बजावले तेव्हा बाबा म्हणाले, "मी काय उद्या जातोय? आनि तीपण नाय जायची. टाका सही." श्रद्धाताईंसाठी सोबतचा साक्षीदार तरुण घेतला आहे.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १८ जानेवारी २०२६

लिहून देणार :
(सही) सौ. मनस्विनी सलिल नागवेकर

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली :

१. (सही) श्री. सर्वेश पिलणकर, वय ३१, शेजारी, नाचणे रोड

२. (सही) श्री. श्याम भाटकर, वय ७९, राहणार नाटे, ता. राजापूर. नाते : वडील. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही. यांचे यांना हातोहात पोचले आहे.